जहाजावरचं माहेरपण

मनापासून, जीव तोडून आणि संपूर्ण चुकीची तयारी करावी ती आमच्या मामाजींनीच. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे जावई सासऱ्याला मामाजीच म्हणतो. राहणार बोरी अरब, आणि या एका बाबतीत अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. आमचं लग्न झाल्यावर ते पहिल्यांदा पुसदला मुक्कामाला आले ते एसटीच्या टपावर स्वतःची बाज टाकून. मी चकित होऊन पाहत राहिलो, तर म्हणाले, "जवाईबुवा, पाहुण्याच्या घरी झोपाले जागा असते, बाज कुठं असते?" डोळे तपासायला यवतमाळला गेले तेव्हा दवाखान्यातल्या खुर्च्या भरलेल्या असतात म्हणून घरची खुर्ची घेऊन गेले. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर काढला, पण चष्मा कसला, परत येताना ती खुर्ची बसमध्ये कुठे ठेवायची याचीच त्यांना जास्त काळजी होती.

सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या बायकोला सहावा महिना होता. बाळंतपण पुसदलाच झालं, आणि नंतर रीतीप्रमाणे ती बाळाला घेऊन माहेरी गेली. मामाजींनी तिला पलंगावर बसवलं आणि बजावलं, "बाई, तू हालू नको. तुह्या मायनं केलं असतं ते सारं मी करतो." मग स्वयंपाकघरातून सुरुवात झाली. "बाई, मीठ कुठं हाय?" "बाई, हे हिंग हाय का हळद?" "बाई, वरण काहून पेटून राह्यलं?" दुसऱ्या दिवशी बाई उठली, तिनं पदर खोचला आणि भाकरी थापायला बसली. बाळ रडलं की पिठाच्या हातानं त्याला घ्यायची. आठवड्याभरानं मी आणायला गेलो तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. मामाजींनी ते पाहिलं होतं.

त्यानंतर आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला. "मुंबईहून जहाज निघते. चार रोजाचं. लेकरू घेऊ देतेत. मी नावं टाकली." मी हबकलो. बोरी अरबच्या माणसानं, ज्यानं समुद्र टीव्हीतही धड पाहिला नव्हता, तान्ह्या बाळासकट सगळ्यांना क्रूझवर न्यायचं! मी विचारलं, "मामाजी, जहाजावर कायले?" ते चिडले. "तिथं भाकर कोण थापते, सांगा? कोणीच नाही ना? मंग! घरी माह्याच्यानं होत नाही तिचं माहेरपण. तिथं तरी होईन."

मी बॅगा भरल्या.

बंदरावर सामान तपासायच्या पट्ट्यावर आमची गोणी थांबली. (हो, गोणी. त्यांच्या मते बॅगेत काही मावत नाही.) साहेबानं ती उघडायला लावली. आत बाळंतिणीची लोखंडी शेगडी, कोळसे, ओवा, बाळंतशेपा, एक जुनं लुगडं आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या गोवऱ्या. "ये क्या है?" साहेबानं गोवरी दोन बोटांत धरून विचारलं. "गोवरी हाय साहेब. घरच्या गायीची हाय," मामाजी अभिमानानं म्हणाले. माझ्या बायकोनं तोंडावर पदर घेतला. हसत होती की लाजत होती, देव जाणे. मी मामाजींच्या कानाशी लागलो, "अहो, बाळ नऊ महिन्यांचं झालं, आता कसली शेक-शेगडी?" तर ते हळूच म्हणाले, "तवा राहून गेली नं." शेगडी, कोळसे आणि गोवऱ्या बंदरावरच राहिल्या. लुगडं मात्र वाचलं. ते सासूबाईंचं होतं.

त्या लुगड्याची त्यांनी आमच्या खोलीत झोळी बांधली. एक टोक कपाटाच्या दांडीला, दुसरं न्हाणीघराच्या दाराला. परिणामी बाळ झोपलं की मला न्हाणीघरात जाता येईना आणि आत असलो तर बाहेर येता येईना. पण बाळ त्या झोळीत असं झोपलं, जसं पुसदला कधी झोपलं नव्हतं. आणि बाळ झोपल्यावर त्याची आई झोपली. जेवायला उठायची, बाळाला पाजायची, पुन्हा झोपायची. वर पोहण्याचा तलाव होता, जादूचे खेळ होते, मुंबईची मंडळी टोप्या घालून नाचत होती. मी जाऊन जाऊन सांगायचो, "अगं, डॉल्फिन दिसताहेत म्हणे!" ती कूस बदलायची. शेवटी मलाच राग यायला लागला. मामाजी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेले. कुणी हसत-खिदळत गेलं की ओठांवर बोट ठेवायचे आणि आपल्या हिंदीत सांगायचे, "हळू चलो बावा, हमारी पोरगी माहेर को आयी है. सोयी है." गंमत म्हणजे लोक खरंच हळू चालायचे.

उतरायच्या सकाळी मामाजी खोली आवरणाऱ्या मुलीला घेऊन आत आले. ती दार्जिलिंगकडची. रोज पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवायची. मामाजींच्या हातात स्वयंपाकघरातून मागून आणलेले मूठभर तांदूळ होते आणि एक शहाळं, त्यात नळी तशीच. खिशातून त्यांनी कुंकवाची पुडी काढली. "माहेरून पोरगी रिकामी धाडत नाहीत," ते मला म्हणाले. "पण ओटी बाप्यानं कशी भराव? बाईमाणूस पाहिजे." मग तिच्याकडे वळून, "बेटी, ये मेरी लडकी है. इसकी मां नहीं है. तू कर दे."

त्या मुलीनं सगळं तिथल्या तिथं समजून घेतलं. कुंकू लावलं. पदरात तांदूळ टाकले, शहाळं ठेवलं. खण नव्हता, तर पलंगावरचा हंस उचलून तोही ठेवला. माझी बायको, जी आईची तिरडी उचलतानाही दात घट्ट आवळून उभी राहिली होती, त्या अनोळखी पोरीच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली. मामाजी झोळीची गाठ सोडत होते. ती त्यांच्याच्यानं सुटेना. मी सोडवून दिली.

पुसदला परतल्यावर शेजारच्या वहिनी उत्सुकतेनं आल्या. "काय मंग, कसा होता समुद्र?" बायको बाळाचं अंग पुसत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचा आवाज कधी नव्हे इतका निवांत होता.

"समुद्र कुठं पाह्यला, वहिनी? मी तं माहेरी गेलती."