मोजणीताईंचे सत्तर अंश

पान किती हिरवं आहे हे कुणीही डोळ्यांनी सांगेल. पण त्या हिरव्याच्या आत देवाने ऊन पकडणारी जी बारीक यंत्रं बसवली आहेत, त्यांतलं एकेक प्रथिन किती, हे सांगायला मोजणीताईच लागत. प्रयोगशाळेत चोवीस वर्षं त्या हेच करत होत्या. झाडाचं पान असो की बाटलीत वाढवलेलं निळं-हिरवं शेवाळ, ते कुटायचं, साबणासारख्या पाण्यात विरघळवायचं, तापवायचं आणि जेलच्या लिबलिबीत पातळ थरातून खाली उतरू द्यायचं. शेवटी पांढऱ्या कागदावर काळ्या पट्ट्या उमटत. शेजारी ठरलेल्या मापाच्या पट्ट्या असत, त्यांच्याशी ताडून आकडा काढायचा.

"चोवीस वर्षं पाला कुटतेस," सासूबाई म्हणत, "एवढ्यात एखादी शेळी तरी धष्टपुष्ट झाली असती!"

ताई हसून सोडून देत. तिकडे प्रयोगशाळेचे प्रमुख सर त्यांच्या पट्ट्या उजेडात धरून म्हणत, "याला म्हणतात हात!" एवढ्यावर त्यांचं वर्ष निघे.

मग प्रयोगशाळेत नवी मुलगी आली. सव्वीस वर्षांची, चटपटीत, कानात सतत काहीतरी घातलेली. दुसऱ्याच आठवड्यात तिने शेवाळातल्या एका साध्या, पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनाच्या पट्ट्या काढल्या. सरांनी त्या उजेडात धरल्या आणि ताईंच्या देखत म्हणाले, "याला म्हणतात हात!"

अगदी तेच शब्द. त्यात सर पुढे म्हणाले, "पुढची, आपल्या बागेतल्या रोपांच्या पानांची मोजणी हिलाच करू दे. जमली, तर ताई, तुम्ही कोठारघर सांभाळा. दगदग कमी."

दगदग! ज्याला चोवीस वर्षं आपलं काम म्हटलं, ते आता दगदग ठरलं. त्या दिवसापासून ताईंना नवीचं सगळंच खुपू लागलं. तिचं हसणं, तिचे कोरे हातमोजे, तिने सरांना 'गुड मॉर्निंग' म्हणणंसुद्धा.

सोमवारी नवीने पानांच्या ट्यूब तापवायच्या ठोकळ्यात ठेवल्या आणि बटण शंभरावर फिरवलं. ताईंनी ते पाहिलं. ऊन पकडणाऱ्या यंत्रांची ही प्रथिनं तेलकट असतात. उकळली की त्यांच्या गुठळ्या होतात, त्या जेलच्या वरच अडकून बसतात आणि खाली उतरतच नाहीत. सत्तर अंशच हवेत. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी महिनाभराचं काम वाया घालवून ताई ते शिकल्या होत्या.

"ताई, बरोबर आहे ना?" नवीने विचारलं.

"तुला शिकवलंय तसं कर," ताई म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

घरी देवापुढे बसल्या तर मागावं काय ते सुचेना. तिचं चुकू दे, हे देवाच्या तोंडावर म्हणवेना. आणि ते तर आधीच झालं होतं.

बुधवारी आकडे आले. मापाच्या ट्यूबमधलं प्रथिन पाण्यात विरघळणारं, ते नीट खाली उतरलेलं, म्हणून कुणाला शंका आली नाही. पानांचा आकडा मात्र ताईंच्या गेल्या वर्षीच्या आकड्याच्या निम्माही नव्हता. सर म्हणाले, "रोपांतला ऊन पकडण्याचा गुण गेला, आता ठेवून उपयोग नाही." नवीचं कौतुक तसंच राहिलं. उलट, "वेळीच पकडलंस," म्हणून वाढलं. ताईंना वाटलं होतं ती पडेल. ती एक पायरी वर चढली.

गुरुवारी सकाळी माळीकाका मोजणीच्या खोलीच्या दारात उभे होते. हात मातीने भरलेले.

"ताई, उद्या उपटायची म्हणताहेत सगळी. तीन वर्षं वाढवली हो मी. चांगली दिसताहेत की! मोजण्यात चूक नसेल ना?"

"मला काय विचारता? मोजलं तिने."

"तिला मी ओळखत नाही. तुम्हाला ओळखतो."

ताई हातातलं काम तसंच टाकून सरांच्या खोलीत गेल्या. नवी तिथेच होती.

"पानं उकळली गेली. सत्तरला ठेवायला हवी होती. रोपं उपटू नका."

"कधी लक्षात आलं तुमच्या?" सरांनी विचारलं.

ताईंना 'आत्ताच' म्हणता आलं असतं. "सोमवारी. तिने बटण फिरवलं तेव्हा. तिने विचारलंही होतं."

नवी ताईंकडे वळली. "मग सांगितलं का नाहीत?"

"सांगावंसं वाटलं नाही," ताई म्हणाल्या. एवढं खरं त्या आठवडाभरात बोलल्या नव्हत्या.

सर म्हणाले, "उद्या पुन्हा मोजा. हीच मोजेल. तुम्ही शेजारी उभ्या राहून सांगाल."

शुक्रवारी ताईंनी एकेक गोष्ट सांगितली, नवीने मान वर न करता ती केली. ठोकळा सत्तरावर. संध्याकाळपर्यंत पट्ट्या उमटल्या. ठळक, सरळ, ताईंच्या गेल्या वर्षीच्या पट्ट्यांहून देखण्या. आकडा पूर्ण भरला. माळीकाकांची रोपं वाचली.

"ताई, एकदा तपासता?" नवीने कागद पुढे केला. आवाजात राग होता, पण विचारलं तिने ताईंनाच.

ताईंनी चष्मा लावून प्रत्येक पट्टी पाहिली, प्रत्येक आकडा दोनदा पडताळला. कुठेतरी चूक सापडावी असं फार वाटत होतं. सापडली नाही.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि कोठारघराची किल्ली मागायला सरांकडे गेल्या.