गिरणीच्या आवाजातली आत्या

आमच्या गिरणीत चालू दळण मध्येच थांबवत नाहीत. पीठ जाड पडतं, गिऱ्हाईक कुरकुरतं. म्हणून त्या दिवशी यांनी धावत येऊन खटका ओढला, तेव्हाच मी समजले. अर्धी ज्वारी वरच तशी राहिली होती. यांच्या हातात मोबाईल होता. "आत्या गेली," एवढंच म्हणाले. नगरच्या दवाखान्यात आदल्या दिवशीच तर तिनं मला विचारलं होतं, "शोभे, ती बाई गाडीतून उतरली का गं?" मी म्हटलं, "तू घरी आलीस की बघू..."

ही यांची सख्खी आत्या. लग्न केलं नाही, हायस्कूलात इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा नागापूरला, भावाच्या घरी राहायला आली. ही गिरणी तिच्या वडिलांची, आण्णांची. लहानपणी घरात एकच खोली होती, ती गिरणीला लागून. आत्याचा सगळा अभ्यास त्या घरघरीत, मोठ्यानं ओरडून झालेला. ती सवय जन्मभर गेली नाही. मनातल्या मनात तिला वाचताच यायचं नाही. शांत खोलीत बसवलं तर जांभया द्यायची.

तर, निवृत्त झालेल्या या बाईनं पुण्याच्या विद्यापीठात नाव घातलं. साहित्य आणि तत्त्वज्ञान, दोन्ही एकत्र. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "वन्सं, लोक या वयात नातवंडांची दप्तरं उचलतात, तुमी सोताचं घेतलं व्हय?" आत्या म्हणाली, "वहिनी, माझं दप्तर हलकं हाय, तुमी काळजी करू नका."

मी चौथीपर्यंत शिकलेली. दोन विषय कशाला, एकानं भागत नाही का, असं मी एकदा भीत भीत विचारलं. आत्या खूश झाली. म्हणाली, "साहित्य सांगतं, बाई रडली. तत्त्वज्ञान विचारतं, का रडली? मला दोन्ही पाहिजे." मी म्हटलं, "आणि रुमाल कोण देतं?" ती इतकी हसली की हातातला चहा पुस्तकावर सांडला. तो डाग अजून आहे.

ती एसटीनं पुण्याला जायची आणि आली की गिरणीत स्टुलावर बसून मला सगळं वाचून दाखवायची. मी पीठ भरायचे, झाडायचे, ऐकायचे. एकदा तिनं विचारलं, "एखाद्या वस्तूचे सगळे भाग एकेक करून बदलले, तर ती वस्तू तीच राहते का?" मग गिरणीकडे बोट दाखवलं. दगड नवे, पट्टा नवा, मोटर नवी. मग ही आण्णांची गिरणी कशी? दारातून सासूबाई म्हणाल्या, "लाईटबिल अजून मामंजींच्या नावानं येतंय. मग त्यांचीच की!" आत्यानं हे पुण्यात वर्गात सांगितलं. सरांनी म्हणे फळ्यावर 'लाईटबिल' लिहून पुढे तासभर त्यावर शिकवलं. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या दिवसभर ताठ चालत होत्या.

मग सहा महिने स्कॉटलंडला जायचं निघालं. विद्यापीठाकडूनच पाठवणार होते. घरात एकच गोंधळ. हे म्हणाले, "आत्या, तिथं थंडीत गुडघं धरतील." ती म्हणाली, "धरू देत. त्यांना इंग्रजीत समजावते." तिची बॅग मी भरली. लोकरीचे मोजे, शेंगदाण्याची चटणी आणि स्वेटरवर स्वेटर.

पहिल्या आठवड्यात फोनवर तिचा आवाज उतरलेला. तिथलं ग्रंथालय इतकं शांत की पान उलटलं तरी चार जण बघतात. ही वाचायला लागली की कुणीतरी हळूच येऊन गप्प राहायची विनंती करी. "मी नुसती पुटपुटत हुते गं," ती म्हणाली. हे मागून ओरडले, "तुझं पुटपुटणं घोडेगावच्या बाजारात म्हशींना ऐकू जातं!" ती हसली, पण मला कळलं, हिचा अभ्यास बंद पडलाय. आता ही परत येणार...

पुढच्या फोनला नुसती घरघर. मला वाटलं, मोबाईल बिघडला. मग त्या आवाजातून आत्या ओरडली, "शोभे, ओळख कुठं बसलीय!" वसतिगृहात तळघरात कपडे धुण्याची यंत्रं होती, एका रांगेत. सगळी चालू, आणि मध्ये बाकावर आमची आत्या, पुस्तक उघडून. "आपली गिरणीच हाय गं. फक्त पीठ पडत न्हाई!" पुढे पुढे तिथल्या मुली मुद्दाम ती असेल तेव्हा कपडे घेऊन यायला लागल्या. म्हातारी कशी वाचते ते ऐकायला. परीक्षा तिनं त्या खोलीच्या जोरावर दिली.

परत आल्यावर तिनं माझा पिच्छा पुरवला. मराठीतली एक जाड कादंबरी आणली आणि म्हणाली, "आजपासून एक पान माझं, एक तुझं." शाळेत बाई उभं करून वाचायला लावायच्या तेव्हा माझा आवाजच फुटत नसे. "गिरणी चालू असताना कोण ऐकतंय?" आत्या म्हणायची. मी रोज म्हणायचे, "उद्या." ती माझंही पान वाचून टाकायची. मागच्या महिन्यात मात्र ती अडून बसली. कादंबरीतली बाई गाडीच्या दारात उभी, स्टेशन आलेलं, उतरावं की पुढं जावं... पानात खुणेला गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा घालून आत्यानं पुस्तक फळीवर ठेवलं. "पुढचं तू वाचशील तेव्हाच कळणार. मीबी चोरून बघणार न्हाई." आणि खरंच बघितलं नाही. नाहीतर दवाखान्यात मला विचारलं नसतं.

दहाव्यानंतर गिरणी सुरू झाली. तिच्या स्टुलावर कुणी बसत नव्हतं, हे सुद्धा पोत्यावर बसायचे. काल दुपारी मी शेजारच्या जनाक्कांची बाजरी टाकली, त्या दारात उभ्या राहिल्या. मी फळीवरचं पुस्तक काढलं, पीठ झटकलं, पोत्यावर बसले आणि वाचायला लागले. पहिल्या ओळी मलाच ऐकू आल्या नाहीत. मग आवाज वाढवला. मग अजून... बाजरी संपली, यांनी खटका ओढला. गिरणी थांबली आणि मी मात्र वाचतच होते, भर शांततेत, मोठ्यानं. लक्षात आलं तशी तोंडाला पदर लावून गप्प बसले.

जनाक्का डबा उचलायचं विसरून उभ्या. म्हणाल्या, "अगं, थांबलीस का? उतरली का मग ती बाई?"

"अजून न्हाई," मी म्हटलं. "बसा की, वाचते." आणि आत्याचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.