लाल दोऱ्याच्या कोंबड्या

सगळी गल्ली जिला आत्या म्हणायची, तिच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. गल्लीतल्या निम्म्या घरांत तिची अंडी जायची आणि उरलेल्या निम्म्या घरांत तिचा आवाज. घरामागे पत्र्याची लांबलचक शेड, शेडमध्ये तांबड्या कोंबड्यांचा दिवसभर कलकलाट, आणि त्यावर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली ही बाई! तिचा फोन आला की माणसं तो कानापासून हातभर लांब धरायची.

तिचा एक नियम होता. आठवड्यातून एकदा ती एकेक कोंबडी काखेत धरून शेपटीखालची दोन हाडं चाचपायची. हाडांमध्ये दोन बोटं मावली तर कोंबडी अंडी देतेय. नाही मावली तर आटली. आटलेलीच्या पायात लाल दोरा. दुसऱ्या दिवशी चिकनवाल्याचा टेम्पो आला की लाल दोरेवाल्या सगळ्या क्रेटमध्ये. तो त्या भरायला लागला की आत्या पाठ फिरवून घरात चहा टाकायला जायची.

"बसून खायला मी कोणाला ठेवलेलं नाही," असं ती उठताबसता म्हणायची. नवरा रिटायर झाल्यापासून मात्र हे वाक्य घरात जरा जपून वापरावं लागे.

नवरा बसचा कंडक्टर. गल्ली त्याला अजून कंडक्टरच म्हणायची. जन्मभर गर्दीत उभा राहिलेला माणूस, रिकामं घर त्याला खायला उठायचं. म्हणून तो खुर्ची घेऊन शेडमध्ये जाऊन बसायचा आणि कोंबड्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. "निदान कोणी मधे बोलत तरी नाही," असं त्याचं म्हणणं. बिचाऱ्याचं चुकत होतं असं कोण म्हणेल?

मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. आत्या संध्याकाळी दोरे बांधायची आणि सकाळी चिकनवाला शेडमधून हात हलवत परत यायचा. "आत्या, एकीच्याही पायात दोरा नाही!" आत्या मनातून हादरली. आपण बांधायला विसरलो? आपलं डोकं चालेनासं झालं? तिने हे कोणाला सांगितलं नाही, उलट सगळ्यांवर दुप्पट ओरडली.

एका सकाळी अंडी गोळा करताना तिच्या हाताला काहीतरी गारगार लागलं. बाहेर काढून बघते तर पांढरं अंडं! शेजारच्या खोक्यात आणखी एक. तांबडी कोंबडी तांबूसच अंडं देते, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि हे तर थेट फ्रिजमधून आलेलं.

"अहो!"

त्या आवाजाने सगळी शेड गप्प झाली. कंडक्टर हातातल्या पेपरासकट आला.

"हे काय आहे?"

"अंडं."

"तांबड्या कोंबडीने पांढरं अंडं दिलेलं कधी बघितलंत?"

कंडक्टरच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. "असं असतं होय? मला तू आजवर सोलूनच दिलंस गं!"

आत्याला हसू फुटत होतं, पण तिने ते गिळलं. मग सगळं बाहेर आलं. नेलकटरने दोरे हाच कापत होता, आणि अंडी कमी भरू नयेत म्हणून दुकानाच्या फ्रिजमधली आणून ठेवत होता.

"इतकी अंडी दिली त्यांनी तुला," तो म्हणाला, "आणि आटल्या की लगेच टेम्पो? मी तरी आता काय देतोय?"

"तुम्हाला चिकनवाला फुकटसुद्धा नेणार नाही!" आत्या कडाडली. "आणि ह्यांना काय हवेवर पोसू? आटलेल्यांनी दाणा खाल्ला तर देणाऱ्यांच्या तोंडचा जातो. दया करायला तुम्ही, आणि पोती उचलायला मी!"

हे त्याला पटलं. मग हळूच म्हणाला, "पण त्या जातात तिथे तू कधी गेलीस? एकदा जाऊन ये. आल्यावर म्हणालीस की बरोबर आहे, तर पुढचे दोरे मी बांधीन."

"जाते की! घाबरते की काय कोणाला?"

टेम्पो आला. आटलेल्या साठून राहिल्या होत्या, क्रेटचं झाकण काही बसेना. उरलेली एक कोंबडी आत्या मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसली. काखेत क्षणभर धरण्यापलीकडे तिने कोंबडी कधी जवळ घेतली नव्हती. ही दोन वळणं गेल्यावर तिच्या पदरात चोच खुपसून चक्क झोपली. ऊबदार होती मेली.

दुकानात कोंबड्या पाय बांधून उलट्या टांगलेल्या. समोरच सुरी चालू, आणि ह्या बघतायत.

"अरे मेल्या, ह्यांना हे दाखवतोस?"

"कोंबडीला काय कळतंय, आत्या?"

"तुला किती कळतं ते मला विचार!" तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. टांगलेल्या उतरवल्या, मधे गोणपाट लावलं, एकेक आणायची, छातीशी धरायची, डोळ्यांवर हात ठेवायचा. गिऱ्हाइकं खोळंबली. एकाने घड्याळ बघितलं तर त्याला ऐकवलं, "घाई असेल तर आज भेंडी कर!"

शेवटी मांडीवरची उरली. चिकनवाला ओशाळून म्हणाला, "ही राहू द्या आत्या, घरी न्या."

आत्याने कोंबडीकडे बघितलं. न्यावीशी वाटली, फार वाटली. "आणि बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?" असं म्हणून तिने स्वतःच्या हाताने तिचे डोळे झाकले आणि सुरी फिरेपर्यंत धरून ठेवली.

घरी आल्यावर ती नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिली. कंडक्टर दारात ताटकळला होता.

"मग? बरोबर आहे ना? दोरे मी बांधू?"

आत्या रडत होती, आणि रडतानाही तिचा आवाज खाली येत नव्हता. "बरोबर कसलं डोंबलाचं! पण उद्या मी अंडी विकणारच आहे आणि लोक घेणारच आहेत. दोरा मीच बांधणार, आणि दर खेपेला शेवटपर्यंत धरायलाही मीच जाणार. ते जमेनासं झालं, की त्या दिवशी शेडला कुलूप."

शेजारच्या घरात खिडकी उघडली. गल्लीला सगळं ऐकू गेलं होतं.