‘ळ’खालचा ‘य’

सुखदेवकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहावीच्या वह्या तपासत होते. त्यांची मुलगी मंदा शांतपणे म्हणाली, “बाबा गेले. जेवले, हात धुतले अन् खाटेवर बसल्या बसल्याच...” ऐंशीच्या घरातला माणूस पोटभर जेवून गेला, याला वाईट मरण कसं म्हणायचं? तरी त्या दिवशी एका पोराच्या निबंधावर मी दोनदा सही केली, हे नंतर त्यानंच दाखवलं. आज पाच आठवडे झाले. लिहायला बसले आहे आणि गंमत अशी, की मला पुन्हा लिहितं केलं ते याच माणसानं, ज्याची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती.

सुखदेवकाका म्हणजे आर्णीचे पेंटर. आमच्या घरासमोरच राहायचे. मी मास्तरीण झाले, माझं पुस्तक आलं, पण त्यांच्या लेखी मी समोरच्या घरची पोरगीच राहिले. बसस्टँडजवळ त्यांचं टिनाचं शेड होतं. किराणा, रसवंती, दवाखाना, गावातली निम्मी अक्षरं त्यांच्या हातची. बुद्धविहाराची पाटी तर दरवर्षी, कुणी न सांगता. त्यांची एक पद्धत होती. निळीत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणायची, फटकन सोडायची, त्या खुणेवर एका दमात शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं काढायची. बाकीचे पेंटर आधी अक्षरं काढून वरून रेघ देत. मी एकदा विचारलं, काका, तुम्ही उलटं काहून करता? म्हणाले, “तू दोरी आधी बांधतं का कपडे आधी टाकतं?”

कापसाची ती वाईट वर्षं आली आणि दुकानांनी पाट्या रंगवणं सोडलं. जिनिंग कारखान्याच्या फाटकावरचं नाव पुसट झालं ते झालंच. काका मात्र रोज सकाळी शेडमध्ये जायचे, एका जुन्या पत्र्यावर रेघ ओढायचे, मान तिरपी करून बघायचे आणि रॉकेलच्या बोळ्यानं पुसून टाकायचे. “हात इसरते,” म्हणायचे.

माझीही पाटी तेव्हा कोरीच होती. पहिल्या कथासंग्रहाची भाषा निर्दोष आहे असं कुणीतरी छापलं होतं आणि मी ते कात्रण जपून ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू. मग संपादकांची पत्रं येऊ लागली, तुमच्याकडचं लिहा. तुमच्याकडचं म्हणजे शेतकऱ्यांच्या आत्महत्या, ते मला कळत होतं. ज्या घरांत माणूस गेल्यावर भेटून यायचं, त्यांतली काही माझ्याच वर्गातल्या पोरांची घरं होती. मी बसायचे, एक वाक्य लिहायचे, त्यातली बाई म्हणायची, ‘आता आमचं कसं होणार?’ आणि मी ते खोडायचे. का खोडते आहे ते सांगता येत नव्हतं. वाक्य खोटं आहे एवढंच कळायचं. तीन वर्षं अशी गेली. संपादकांना कधी ताप कळवला, कधी परीक्षेचं काम. टेबल खिडकीशी होतं, ऊन छान यायचं, म्हणून त्यावर मुगवड्या वाळू लागल्या. मी वरून हसत होते, पण आतून फार घाबरले होते... आपल्यात एकच पुस्तक होतं आणि ते संपलं, असं वाटायचं.

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. एकदा शेडमध्ये काकांना सांगून बसले. “काका, मला काही सुचतच नाही.”

“मंग रेघ मार.”

“रेघ मारून काय होते?”

“काई नाई होत. रेघ होते.”

मला रागच आला. हा माणूस माझी थट्टा करून राह्यला, असं मनात म्हणत मी घरी आले.

त्याच वर्षी उन्हाळ्याआधी आमच्या शाळेची भिंत रंगवायची ठरली आणि मी काकांचं नाव सुचवलं. काका नेहमी मजकूर चिठ्ठीवर मागायचे आणि चित्र उतरवावं तसं अक्षर न् अक्षर उतरवायचे. त्या दिवशी चिठ्ठी द्यायची राहिली. मी वर्गात, ते बाहेर शिडीवर. त्यांनी खिडकीतून विचारलं, “काय लिवू?” मी पोरांना गणितं घालता घालता एकेक शब्द सांगत गेले. मधल्या सुट्टीत बाहेर येऊन बघते तर काय बाप्पा, हातभर उंचीच्या लालभडक सुबक अक्षरांत लिहिलेलं, ‘जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाया’.

मी सगळ्या पोरांसमोर त्यांच्यावर ओरडले. काका, शाळेच्या भिंतीवर अशुद्ध? लोक काय म्हणतील? ते शिडीवरूनच म्हणाले, “म्या आयकलं तेच लिवलं. तूच त शाया म्हनली.”

“मी? मी कशाला म्हणीन?”

तेवढ्यात चौथीतल्या पोरी एका सुरात म्हणाल्या, “हो मॅडम, तुमी शायाच म्हनलं.” म्हणजे बघा, फळ्यावर ळ गिरवून घेणारी मी, निर्दोष भाषेची लेखिका मी, आणि लक्ष नसलं की तोंडातून ‘ळ’च्या जागी घरचा वऱ्हाडी ‘य’च बाहेर पडतो. पोरी हसल्या, काका हसले, शेवटी मीही ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. तीन वर्षांत इतकी हसले नव्हते. काकांनी ‘य’वर पांढरा मारला आणि त्यावर ‘ळ’ काढला. मी म्हटलं, पांढऱ्याचे दोन हात मारा, नाहीतर खालचं दिसेल. “बस झाला येक,” म्हणाले. कंटाळा केला की मुद्दाम, ते मी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी मुगवड्या उचलल्या आणि टेबल पुसलं. वहीचं कोरं पान घेतलं, त्यावर डावीकडून उजवीकडे एक रेघ मारली आणि तिच्याखाली ‘शाया’ लिहिलं. मग लक्षात आलं, की माझ्या कथांतली माणसं मी ऐकलेलं कधी बोललीच नव्हती. मी त्यांच्या ‘य’वर आधीच ‘ळ’ काढून ठेवत होते, तोही दोन हात मारून. ‘आता आमचं कसं होणार?’ असं इथं कोणती बाई म्हणते? माझ्या वर्गातल्या एका पोराची आई, त्याचे वडील गेल्यावर चौथ्या दिवशी, मला एवढंच म्हणाली होती, “मॅडम, याले खिचडी जराशी जास्त वाढत जा.” ते वाक्य तीन वर्षं माझ्याजवळ पडून होतं. त्या आठवड्यात ते कथेत आलं, पत्र्यावर रोज रेघ मारणारा पेंटरही आला. लोक म्हणाले, दुःखाची गोष्ट आहे पण मधेच हसू येतं. मी म्हटलं, आमच्याकडे तसंच असतं. काकांना कथा वाचून दाखवली तर म्हणाले, “हे सारं त आमीच बोललो. तुनं काय केलं?”

“मी रेघ मारली,” मी म्हटलं. ते फार खूश झाले.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. नवं पुस्तक घेऊन गेले होते. नजर अधू झालेली, तरी मुखपृष्ठावर बोट फिरवून विचारलं, “हे मशीनचं हाय?” मी हो म्हटलं. “तरीच. येकबी अक्षर दमलेलं नाई.” मग मंदाला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला लावला.

शाळेच्या त्या भिंतीवर आता फ्लेक्स येणार म्हणतात, अजून आलेला नाही. इतक्या वर्षांच्या उन्हानं ‘ळ’ फिका पडला आहे आणि सकाळी दहाच्या सुमारास ऊन भिंतीवर तिरपं आलं, की खालचा ‘य’ स्पष्ट दिसतो. परवा पहिलीतली एक मुलगी भिंतीपाशी उभी राहून बोटानं एकेक अक्षर लावत होती. जिल्हा... परिषद... पुढचे दोन शब्द तिनं सोडून दिले, शेवटच्या शब्दावर थांबली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “शाया.” मग माझ्याकडे बघत राहिली, चुकलं की काय म्हणून. पोरांचं चुकलं की दुरुस्त करायचं, याचा तर मला पगार मिळतो.

मी म्हटलं, “बरोबर वाचलं, बाई. पुन्हा येकदा वाचून पाय.”