कुळाबाहेरची साक्ष

नातवाचं डोकं विंचरायला बसलं की अन्नपूर्णाबाईंचं स्वतःचं डोकं फिरायचं. सहदेवला पाचवं लागलं तरी जावळ काढलेलं नव्हतं. केस कमरेला टेकायला आलेले, त्यात गुंता, उवा, आणि उन्हाळा लागला की मानेवर फोड. देऊळघाटच्या पोरांनी त्याचं नाव सहदेवी पाडलं होतं. पण जावळ कुलदैवतापुढेच काढायचं, हा या घरचा नेम. आणि कुलदैवत कोणतं, तेच कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यांचे यजमान शालिग्राम मास्तर. मास्तरांचे आजोबा दुष्काळात इकडे आले आणि पोराबाळांना मूळ गाव सांगायच्या आधीच पटकीने गेले. देवघरात चांदीचा एक टाक होता. पण त्यावरचा देव घरच्या सुनांनी राख-चिंचेने घासून घासून पार पुसून टाकला होता. अन्नपूर्णाबाई तेराव्या वर्षी वडनेरहून या घरात आल्या, तेव्हा मात्र टाकावर पुसट घोडा दिसायचा आणि घोड्याखाली कुत्रं. म्हणजे खंडोबा. यात शंका घ्यायला जागा कुठे होती? विषय निघाला त्याच दिवशी त्यांनी हे सांगितलं.

"तू वडनेरची," मास्तर म्हणाले. "आमच्या कुळाचं तुले काय ठाऊक?"

मग सुरू झालं संशोधन. दैवत कळलं की मूळ गाव कळेल, गाव कळलं की वंशावळ लागेल, हा मास्तरांचा सिद्धान्त. आडनाव जुळेल त्याला कार्ड. एकाने माहूरची रेणुका सांगितली, दुसऱ्याने बालाजी, तिसऱ्याने दैवताचं सोडून आपल्या मुलीसाठी स्थळ विचारलं. नाशिकला जाऊन उपाध्यांच्या वह्या चाळल्या. तिथे पणजोबांचं नाव सापडलं आणि गावाच्या जागी वाळवीने खाल्लेलं भोक. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! देव शोधत हिंडणाऱ्या माणसाला घरातलं रडणं ऐकू येत नाही, याचा अन्नपूर्णाबाईंना मनस्वी संताप येई. आणखी दोनदा त्यांनी घोड्या-कुत्र्याचं सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

अशी दोन वर्षं गेली. बासष्टच्या उन्हाळ्यात फोड पिकले आणि पोराला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, आधी केस काढा. मास्तर म्हणाले, जालन्याकडच्या भाऊबंदाचं पत्र येऊ द्या. चौथ्या दिवशी ते खरंच आलं. मास्तरांनी उभ्याउभ्याच मोठ्याने वाचलं: आपलं कुलदैवत खंडोबा. आमची आई आमच्या घरात सून होऊन आली, तेव्हा आमच्या टाकावर घोडा आणि कुत्रा तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"हे पाय," मास्तर हरखून म्हणाले, "याले म्हणतात पुरावा."

"ते बाई कोण्या कुळातली?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

मास्तरांनी पुन्हा पत्रात पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

"म्हणजे तेही बाहेरचीच." त्यांनी नातवाचं तापलेलं डोकं मांडीवर घेतलं. "दुसऱ्याच्या घरची सून खरी, अन् या घरात पस्तीस वर्षं टाक घासणारी मी खोटी. तुमचा देव दोन वर्षं माह्या तोंडात होता. तुम्हाले फक्त तो माह्या तोंडून नको होता."