शिवलेला कान

आमच्या घरातला पहिला बी. ए. मी. हे मी कुणालाही सांगतो, लाजत नाही. पण लहानपणी माझा कान शिवला तेव्हा मनाचं काय झालं, ते मला अजून धड मांडता येत नाही.

माझ्याआधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईने कल्याणात पाच घरी पदर पसरून सोनं मागितलं आणि त्याची बाळी माझ्या उजव्या कानात घातली. भिकेचं पोर यमालाही नकोसं होतं, अशी समजूत. पुढे हुतूतू खेळताना कुणाच्या तरी हाती ती बाळी आली आणि कानाची पाळी खालपर्यंत चिरली. जखम भरली, पण पाळीचे दोन तुकडे ते दोनच राहिले. शाळेत मी ‘फाटक्या’ झालो आणि एक दिवस शाळेत जायचंच नाकारलं.

वडील बंदरावर धान्य मोजणारे मापाडी. मुलाने शिकावं ही त्यांची एकच हौस. त्यांनी मला आगगाडीने ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिरेच्या कडा कापून टाके घातले. म्हणाले, “यात पुन्हा काही घालू नका. फाटेल.”

कान छान जुळला. शाळेत पोरांनी बोटं लावून पाहिला. एकजण म्हणाला, “मग आता तुला हाक काय मारायची रे?” आणि सगळे खेळायला पळाले. मला कुणी हाकच मारली नाही. मी खूश व्हायला हवं होतं ना?

घरी आई त्या कानाकडे बघेना. एका सकाळी मला सोनाराकडे घेऊन गेली. “बाळी परत घाला.”

“वहिनी, डॉक्टर नको म्हणालेत ना?”

“त्यांची पोरं जगली असतील.”

सोनाराने मला विचारलं, “तूच सांग रे. टोचू?”

कान धड व्हावा म्हणून रडलो होतो मी. पण आई मुठीतली बाळी पदराने पुसत होती.

“डावा टोचा,” मी म्हटलं.

आईने माझा डावा कान चाचपला. मग हळूच म्हणाली, “चालेल का हो?” सोनाराला विचारलं, मला की देवाला, कळलं नाही. सोनाराने डावा टोचला.

परतताना ती माझ्या डाव्या अंगाने चालत होती, सारखी बाळीकडे बघत. मी उजवा कान हाताने झाकून घेतला. त्यात झाकण्यासारखं आता काय उरलं होतं, तेच मला कळेना.