ताण्याची ओसरी

बाळापूरच्या आमच्या घराची ओसरी भिंती-दाराची बंदिस्त, आणि घराच्या मानाने फारच लांब होती. सासऱ्यांच्या वडिलांनी ती मुद्दाम तशी बांधून घेतली. मागावर चढवण्याआधी विणकर सूत लांबच लांब ताणतात, खळ लावतात, सुकवतात. हा ताणा उन्हाळ्यात गल्लीतच लागतो. पावसाळ्यात गल्लीत चिखल, म्हणून ते चार महिने आमची ओसरी मोमीनपुऱ्यातल्या विणकरांना मोकळी असे. भाडं नव्हतं. मृगाआधी विणकर कौलं चाळून देत, त्यांच्या बायका जमीन सारवत. घर जुनं, पण कुठं गळत नव्हतं. का गळत नाही, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही.

यजमान गेल्यावर घर माझ्या हाती आलं. पुढं समुद्रापार कुठं तरी लढाई लागली आणि कापसाचा भाव चढत गेला. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याला कापूस ठेवायला कोरडी जागा हवी होती. मला दोन मुली उजवायच्या होत्या. मी ओसरी दिली. ती आढ्यापर्यंत भरली आणि दाराला त्याचं कुलूप लागलं.

मृगाच्या तोंडावर भाभी आली. ही मोमीनपुऱ्यातल्या एका विणकराची बायको, माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ.

“बाई, ताणा कुठं लावू? तुमच्या कापसाच्या डोक्श्यावर?”

“एवढा पावसाळा दम धर, भाभी. मंग ओसरी तुमचीच हाय.”

“मी धरीन. पोटाले कोन सांगंल?”

“मंग गोठ्यात लाव.”

गोठ्यात ताणा मावत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. ती निघून गेली.

एकाचे तीन पावसाळे झाले. ओसरीत कापूस आढ्याला टेकलेला, आणि विणकरांना सूत परवडेना. भाभीचा नवरा अकोल्याला हमाली करायला गेला. मी मोमीनपुऱ्याकडं फिरकले नाही.

लढाई संपली, भाव पडला, व्यापारी कापूस काढून निघून गेला. तीन वर्षं कौलं कुणी चाळली नव्हती. भिंत फुगली होती, दोन खांब वाळवीनं पोखरले होते. मी खांब बदलले, कौलं चाळून घेतली, स्वतः सारवलं आणि निरोप धाडला, ओसरी मोकळी आहे, या.

एकटी भाभी आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.

“झ्याक केली, बाई.”

“मंग लाव ना ताणा.”

“माग कुठं हाय? तुमचा कापूस होता त्याच पावसात आमची भिंत खचली. मागाच्या लाकडाचे टेकू देल्ले. आता काढले तं घर बसंल.”

पाणी प्यायली आणि गेली.

ओसरीचं दार मी आता उघडंच ठेवते. पावसात गल्लीतल्या बायका निवडण-टिपण घेऊन बसतात. कौलं मजुरांकडून चाळून घेते. कापूस ठेवला याचं मला एवढं वाटत नाही. मुलींची लग्नं त्यावरच झाली. गोठ्यात लाव म्हणाले, ते म्हणायला नको होतं.